होडीला हवं पाणी, पक्ष्यांना हवा चिखल

खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याने भरणाऱ्या किनाऱ्यालगतच्या गवताळ चिखलात, कॅनू (वल्ह्याची हलकी, अरुंद होडी) घालून पक्षी बघायचे म्हटलं की मुख्य अडचण एकच: होडीला पाणी लागतं आणि पक्ष्यांना चिखल. भरती पुरती भरली की होडी कुठेही जाते, पण तेव्हा चिखलावर चरणारे पक्षी एखाद्या कोरड्या उंचवट्यावर एका पायावर उभे राहून डुलक्या घेत असतात. ओहोटी पूर्ण लागली की तेच पक्षी दूरवर पसरलेल्या चिखलावर ठिपक्यांएवढे दिसतात आणि होडी फाट्याच्या, म्हणजे खाजणातून वळत जाणाऱ्या अरुंद प्रवाहाच्या, तळाला टेकलेली असते. दोघांचं जमतं ते मधल्या थोड्या वेळात: भरती भरण्याआधीचे दोन तास आणि पाणी उतरू लागल्यानंतरचे दीड-दोन तास. वल्हं कसं मारायचं, दुर्बीण कोणती घ्यायची, हे सगळं या वेळेच्या हिशोबानंतर येतं. बरेच जण आधी होडी शिकतात, मग पक्षी, आणि भरती-ओहोटी शिकतात ती चिखलात अडकून.

भरती-ओहोटीचं कोष्टक एखाद्या बंदराचं असतं, तुमच्या फाट्याचं नसतं. समुद्राकडच्या तोंडाशी पाणी फिरलं तरी ते आत पोचायला वेळ लागतो. वळणावळणाच्या अरुंद फाट्यात चार-पाच किलोमीटर आत गेलं की अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. त्या पाण्यात रोज मासेमारी करणाऱ्याला तो तोंडपाठ असतो. विचारायला कुणी नसेल तर स्वतः मोजावा: काठाशी खुणा केलेली काठी रोवायची, दर दहा मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते लिहायचं, आणि ते थांबून परत कधी फिरतं ते पाहायचं. एकदा उधाणाला (पाणी सर्वांत जास्त चढतं-उतरतं तेव्हा) आणि एकदा भांगाला (सर्वांत कमी चढतं-उतरतं तेव्हा) असं मोजून ठेवलं की पुढच्या सगळ्या फेऱ्यांना ते आकडे कामाला येतात.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. आज सकाळी आठची भरती आठवड्याने दुपारी दोनच्या आसपास गेलेली असते. अमावास्या-पौर्णिमेला, खरं तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी, उधाण असतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग. पंचांगावरून उधाण की भांग एवढं बहुतेक ठिकाणी कळतं. भरती किती वाजता, हे मात्र प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. एका किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला तिथीचा हिशोब दुसऱ्या किनाऱ्यावर लावला तर तो काही तासांनी चुकतो. दिवसातून एकच भरती येणारे किनारेही जगात आहेत, तिथे तर हा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागतो.

उधाणाच्या भरतीला पाणी काठ ओलांडून गवतावर चढतं. तेव्हा बसल्या जागेवरून सगळं खाजण दिसतं, पण फाटा कुठे संपला आणि गवत कुठे सुरू झालं ते कळत नाही आणि पाण्याची ओढही जबर असते. भांगाला पाणी फाट्यातच राहतं, ओढ कमी असते, पण दोन्ही बाजूंना माथ्याहून उंच चिखलाच्या भिंती आणि वर आभाळाची एक पट्टी, एवढंच दिसतं. उधाण ओसरून भांग लागायच्या मधले दोन-तीन दिवस सर्वांत चांगले. नवख्याने तर उधाणाच्या दिवशी आत जाऊच नये.

आता आकडे. ओहोटी संपल्यापासून भरती पूर्ण होईपर्यंत साधारण सहा तास धरले, तर पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. उतरतानाही असंच. समजा, कोष्टकात ओहोटीची पातळी ०.६ मीटर आणि भरतीची ३.६ मीटर दिली आहे. फरक ३ मीटरचा, म्हणजे एक हिस्सा २५ सेंटिमीटरचा. भरतीनंतर तासाभराने पातळी ३.३५, दोन तासांनी २.८५ आणि तीन तासांनी २.१० मीटर.

प्रत्येक फाट्याला एखादा उंबरा असतो, म्हणजे तळ सगळ्यांत वर आलेली जागा. बहुधा तो दोन फाटे मिळतात तिथे किंवा कालवांच्या (धारदार शिंपल्यांच्या) थराजवळ सापडतो. हा उंबरा कोष्टकाच्या शून्यापासून २.५ मीटरवर असेल आणि वल्हं नीट मारायला त्यावर ३० सेंटिमीटर पाणी हवं असेल, तर पातळी निदान २.८ हवी. वरच्या हिशोबाने ती भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतच मिळते. भरती दहाची असेल तर आठला आत आणि बाराच्या आत बाहेर. त्यातले शेवटचे वीस मिनिटं पक्ष्यांसाठी नाहीतच, ते चुकीसाठी राखून ठेवायचे. उंबऱ्याची उंची काढायची तर ओहोटीच्या वेळी काठावरून तो उघडा पडताना बघायचा आणि त्या वेळची पातळी मांडायची.

हा बारा हिश्श्यांचा नियम मोकळ्या पाण्याचा आहे, फाट्यात तो थोडा फसवतो. पाणी गवतावर पसरलेलं असतं तोवर उतार मंद वाटतो. मग पातळी काठाखाली आली की एवढ्या मोठ्या पसाऱ्याचं पाणी एकदम अरुंद फाट्यातूनच बाहेर पडू लागतं आणि ओढ अचानक वाढते. भरतीनंतर तास उलटला तरी पाणी जेमतेम हलतंय, अजून वेळ आहे, असं ज्याला वाटतं त्याची होडी पुढच्या पंधरा मिनिटांत ओढीला लागलेली असते. गवताच्या मुळांशी ओली, चकचकीत चिखलाची पट्टी दिसू लागली की तोंड फिरवायचं. हवामानाचाही भाग असतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने कमी झाला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटरने वर येते. समुद्राकडून जोराचा वारा असेल तर पाणी कोष्टकापेक्षा जास्त चढतं, जमिनीकडून असेल तर कमी. जमिनीकडचा वारा आणि भांग एकत्र आले तर उंबऱ्यावर पाणी येणारच नाही, असंही होतं.

होडी उघडी कॅनू असावी, साडेचार ते पाच मीटर लांबीची, सपाटसर तळाची. दोन माणसं आणि थोडं सामान घेऊन अशी होडी दहा-बारा सेंटिमीटर पाण्यात बुडते. फायबरग्लासची हलकी असते, पण कालवांच्या धारेवरून एकदा घसरली की खालचा थर चिरतो. पॉलिथिलीनची जड असते, उचलताना शिव्या खाते, पण खाजणात तीच टिकते. अ‍ॅल्युमिनियमची नको. पत्रा तापतो आणि त्यावर काहीही आपटलं की घंटेसारखा आवाज अख्ख्या फाट्यात जातो. वल्हं लाकडी, पातं वीसेक सेंटिमीटर रुंद. शक्य असेल तर एक जादा वल्हं आडव्या दांड्यांखाली सैल बांधून ठेवावं, कारण चिखलात रुतून हातातून सुटलेलं वल्हं ओढ मागे टाकून जाते आणि ते आणायला परत जाता येत नाही. होडीच्या दोन्ही कडांवर, जिथे वल्ह्याचा दांडा घासतो तिथे, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले की ठकठक जवळजवळ बंद होते. एवढ्या कमी कष्टात पक्षी एवढे जवळ आणणारी दुसरी युक्ती नाही.

बसण्यापेक्षा गुडघ्यांवर राहावं. तळाला दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा फोमचा तुकडा, त्यावर गुडघे पसरून, आणि पार्श्वभाग बैठकीच्या कडेला टेकलेला. वजन खाली जातं आणि होडी अंगाला चिकटल्यासारखी वागते. पाय आखडतात हे खरं, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी एकाने बसून पाय मोकळे करावेत, दोघांनी एकदम नाही. होडी उलटते ती बहुतेकदा लाटेने नाही, दुर्बिणीने. उजवीकडे काहीतरी उडतं, दोघंही दुर्बिणी उचलून उजवीकडे वळतात, दोघांचे हात वर, वजन एका कडेला, वल्ही मांडीवर. म्हणून नियम करून टाकायचा: एकाच्या डोळ्याला दुर्बीण असेल तेव्हा दुसऱ्याचं वल्हं पाण्यात, पातं आडवं धरून. दिशा घड्याळाने सांगायची, होडीचं पुढचं टोक बारा वाजता. ‘दोन वाजता, साठ मीटर, काठाच्या खाली’ एवढं हळू आवाजात सांगितलं की बोट दाखवायला हात उचलावा लागत नाही. वर गेलेला हात पक्ष्यांना आवाजाहून जास्त खटकतो.

दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी, ८×४२. दहा पटीची जमिनीवर चांगली असते, पण पाण्यावर हाताची आणि होडीची थरथरही दहा पटीने दिसते. टेलिस्कोप तर होडी जमिनीला टेकलेली नसेल तर ओझंच. फोटो काढणाऱ्याने शटरचा वेग १/१६०० सेकंदाच्या खाली नेऊ नये, आणि कॅमेरा तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत ठेवावा, गळ्यात नव्हे. लाइफ जॅकेट अंगात, चेन लावलेलं. होडीत ठेवलेलं जॅकेट उलटल्यावर घालता येत नाही. शिट्टी, पाणी उपसायला डबा, माणशी तीन लिटर पिण्याचं पाणी, टोपी, थंड प्रदेशात पाण्याच्या तापमानाचा विचार करून कपडे (हवेच्या नव्हे), आणि किनाऱ्यावरच्या कुणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवलेली. वारा ताशी २० किलोमीटरच्या वर असेल तर उघड्या कॅनूने आत जाऊ नये. वारा आणि ओढ समोरासमोर आली की तोंडाशी आखूड, उभ्या लाटा उठतात आणि त्या थेट आत येतात.

वल्हवण्यात दोनच गोष्टी खास शिकण्यासारख्या. एक, मागे बसलेल्याचा जे-स्ट्रोक: वल्हं मागे ओढून झालं की शेवटी पातं फिरवून होडीपासून दूर हलकं ढकलायचं. त्याने होडी सरळ राहते आणि वल्हं सारखं एका बाजूचं दुसऱ्या बाजूला न्यावं लागत नाही. दुसरी, मुका फेर: वल्हं मागे ओढून झाल्यावर ते पाण्याबाहेर काढायचंच नाही, पातं कडेवर वळवून पाण्यातूनच पुढे आणायचं. बाहेर काढलेल्या पात्यावरून टपटपणारे थेंबही शांत फाट्यात ऐकू जातात. या पद्धतीने वेग ताशी दोन किलोमीटरही मिळत नाही, पण पक्ष्यांजवळ तेवढाच हवा. जाता-येता साध्या वल्हवण्याने ताशी चार-पाच किलोमीटर होतात. भर ओहोटीत फाट्याची ओढ तेवढीच असू शकते, म्हणजे त्या वेळी उलट्या दिशेने कितीही वल्हवलं तरी जागेवरच. म्हणून भरतीबरोबर आत आणि ओहोटीच्या सुरुवातीला तिच्याबरोबर बाहेर. चार तासांच्या फेरीला जाऊन-येऊन पाच किलोमीटर पुष्कळ झाले.

आत शिरल्यावर वळणं वाचायची. फाटा वळतो तिथे बाहेरच्या अंगाला पाणी जोरात घासतं. तिथे काठ उभा, खोली जास्त, आणि वरून गवताचे ढेकळं सुटून पडलेले. आतल्या अंगाला पाणी मंदावतं, गाळ साचतो आणि चिखलाची उतरती जीभ तयार होते. पक्षी त्या जिभेवर असतात. तेव्हा होडी बाहेरच्या अंगाने, उभ्या काठाला धरून न्यायची, आणि नजर आतल्या अंगाला ठेवायची. असं केलं की खोली मिळते, मागे उंच काठ असल्याने आभाळाच्या पार्श्वभूमीवर आपली आकृती उठून दिसत नाही, आणि पक्ष्यांशी मध्ये पाण्याची रुंदी राहते. वळण कापून जवळून जाण्याचा मोह होतो, आणि नेमकी तिथेच होडी रुतते.

भरती चढताना चिखलाची जीभ आक्रसत जाते आणि पक्षी पाण्याच्या कडेने मागे मागे सरकत, तुमच्याच दिशेने येतात. पुढच्या वळणावर थांबून राहणाऱ्याला हे आयतं मिळतं. ओहोटीला उलट होतं: नुकता उघडा पडलेला चिखल मऊ असतो, गांडुळासारखे समुद्री किडे आणि बारीक कवचधारी जीव अजून पृष्ठभागाजवळ असतात, म्हणून पक्षी पाण्याच्या मागोमाग खाली उतरतात. चिखल सुकला की किडे खोल जातात आणि चोच रुतेनाशी होते. पक्षी पाण्याच्या कडेला का असतात, याचं उत्तर एवढंच आहे.

खाजणाच्या आतल्या फाट्यात आणि बाहेरच्या मोकळ्या चिखलात वेगवेगळी मंडळी भेटतात, हेही आधीच लक्षात ठेवावं. फाट्यात रेडशँक, ग्रीनशँक, तुतवार, बगळे आणि एकटादुकटा कोरल, म्हणजे कर्ल्यू. गॉडविट, डनलिन, नॉट या चिखलावर चरणाऱ्या पक्ष्यांचे मोठे थवे बाहेर. त्यांच्यासाठी फाट्याच्या तोंडाशी थांबायचं. होडीतून डोळे पाण्यापासून जेमतेम हातभर-दोन हात उंच असतात आणि चिखलाने पक्ष्यांचे पाय माखलेले असतात, म्हणून पायांच्या रंगावर ओळख ठेवली तर फसगत होते. चोचीची लांबी डोक्याच्या किती पट, आणि खाण्याची लय कशी, हे पाहावं. चिखल्या (प्लोव्हर) डोळ्याने शिकार करतो: चार पावलं धावतो, थांबतो, टिपतो. डनलिन शिलाई यंत्रासारखी टोचत जाते. गॉडविट चोच मुळापर्यंत खुपसतो. त्याला चोचीचं फक्त टोक उघडता येतं, त्यामुळे चिखलाच्या आतच किडा पकडता येतो. उचाट (अ‍ॅव्होसेट) वर वळलेली चोच डावी-उजवी फिरवत पाणी चाळतो. शेकाट्या (स्टिल्ट) लांब पायांमुळे इतरांना न जमणाऱ्या खोल पाण्यात फिरतो.

कोरल मात्र जवळून बघावा. मादीची चोच नरापेक्षा लांब असते, १५ सेंटिमीटरच्याही पुढे जाते आणि खाली वळलेली असते. बिळात ती वळणासकट घालून, मान थोडी फिरवून तो खेकडा चाचपतो. खेकडा बाहेर आला की लगेच गिळत नाही. चोचीत धरून जोरजोरात झटकतो, पाय आणि नांग्या तुटून बाजूला उडतात, मग चिखलाने भरलेलं धड पाण्याच्या कडेला नेऊन खळबळून धुतो आणि मान वर करून आत सोडतो. लांबलचक चोचीच्या टोकापासून घशापर्यंत तो घास दोन-तीन उचक्यांत सरकताना दुर्बिणीतून स्पष्ट दिसतो.

उडाल्यावर मात्र ओळख सोपी होते. पंखाची मागची कड पांढरी असेल तर रेडशँक. पंखावर रुंद पांढरा पट्टा आणि शेपटी काळी असेल तर काळ्या शेपटीचा गॉडविट. पंख साधे आणि पाठीवर वरपर्यंत गेलेली पांढरी पाचर असेल तर ग्रीनशँक. पण ओळखण्यासाठी उडवू नये. सहसा पहिला बोंबलतो तो रेडशँकच, आणि त्याच्या ओरडण्याने अख्खा फाटा रिकामा होतो.

उडण्याआधी पक्षी सांगतात. चरणं थांबतं, माना ताठ होतात. एका पायावरचा दुसरा पाय खाली टेकतो. रेडशँक मान वर-खाली झटकू लागतो. काही जण चालत लांब जातात. यातलं पहिलं चिन्ह दिसताच वल्हं थांबवायचं आणि होडी तशीच तरंगू द्यायची. माना परत खाली गेल्या तर ठीक, नाही गेल्या तर मागे व्हायचं. सरळ रोखून जायचं नाही, तिरकं, बाजूने निघून चालल्यासारखं जायचं. सर्वांत चांगलं म्हणजे दीडशे मीटर अलीकडे वल्हवणं बंद करून ओढीवर वाहत येणं आणि वल्ह्याचं पातं मागे सुकाणूसारखं धरणं. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात आणि वाऱ्याकडेच उडतात, म्हणून वाऱ्याच्या बाजूने त्यांची वाट अडवून थांबू नये. ऊन पाठीशी असलं तर उत्तम, पण फाट्याची दिशा आपल्या हातात नसते, भरतीची वेळ तरी निवडता येते.

अंतराचा आमचा ठोकताळा: चरणाऱ्या लहान पक्ष्यांपासून पन्नास मीटर, कोरलासारख्या मोठ्यांपासून त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि भरतीच्या वेळी विसावलेल्या थव्यापासून दोनशे मीटर, तिथे जवळ जायचंच नाही. तो विसावा म्हणजे रिकामा वेळ नव्हे. चिखल बुडालेला असताना जेवढी ऊर्जा वाचेल तेवढी चरबी अंगावर राहते. ऑक्टोबर २०२२ मध्ये उपकरण लावलेला एक पट्टेरी शेपटीचा गॉडविट अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता, ११ दिवसांत उडाला. तो त्या वर्षीच जन्मलेला, जेमतेम पाच महिन्यांचा होता. असा प्रवास निव्वळ साठवलेल्या चरबीवर होतो, आणि दर भरतीला दोन-तीनदा उडवलेला थवा ती साठवू शकत नाही. उधाणाच्या भरतीला गवतावरून होडी नेण्याचाही मोह टाळावा. विणीच्या काळात घरटी त्याच गवतात, पाण्यापासून वीतभर वर असतात.

थांबायचं असेल तर नांगरापेक्षा काठी बरी. दोन मीटरची, टोक तासलेली काठी चिखलात हळूच दाबायची आणि होडीच्या टोकाला दोर बांधायचा. दोर कायम पुढच्या किंवा मागच्या टोकाला, मधे कधीच नाही. मधे बांधलेली होडी ओढीला आडवी येते, वरच्या अंगाची कड दाबली जाते आणि पाणी आत येतं. गाठ एका ओढीत सुटणारी हवी.

आणि रुतलात तर. मघाच्या उदाहरणात भर ओहोटीत पाणी तासाला ७५ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला सव्वा सेंटिमीटर उतरतं. तळ चिखलाला लागला तेव्हा होडी दहा सेंटिमीटर बुडालेली असेल, तर आठ मिनिटांत ती पूर्ण कोरडी. म्हणजे जे करायचं ते पहिल्या एक-दोन मिनिटांत. पुढचं टोक रुतलेलं असतं, तेव्हा पुढच्याने सरकत मागे यायचं, आणि आलात त्याच वाटेने मागे ढकलायचं. वल्हं उभं खुपसू नये. ते रुततं, होडी सुटते आणि माणूस दांड्याला लोंबकळतो. पातं आडवं, तिरकं लावून ढकलायचं, रुतलंच तर पिळून काढायचं. नाहीच सुटली तर होडीतच बसून राहायचं. पुढचं पाणी यायला सहा-सात तास, कधी जास्तही लागतात, त्यासाठीच ते तीन लिटर. चालत काठ गाठायचा विचार करू नये. तो काठ पन्नास मीटरवर दिसतो आणि दहाव्या पावलाला मांडीपर्यंत रुतायला होतं. कुणी रुतलंच तर उभ्याने धडपडण्याऐवजी मागे टेकून, पाठ टाकून वजन पसरावं, एकेक पाय हळू हलवत त्याच्याभोवती पाणी शिरू द्यावं आणि आडवं होत होडीकडे सरकावं. दुसऱ्याने वरून सरळ ओढू नये, होडी आडवी करून कडेचा आधार द्यावा.

वाट चुकण्याचं कारण वेगळंच असतं: जाताना भरलेला फाटा आणि येताना अर्धा रिकामा फाटा या दोन वेगळ्या जागा दिसतात. दोन फाटे मिळतात त्या प्रत्येक जोडावर जाताना मागे वळून बघायचं आणि फोनवर एक फोटो काढायचा, जीपीएसवर वाट नोंदवत ठेवायची. उपग्रहाचा नकाशा कुठल्या पातळीला काढलाय हे त्यावर लिहिलेलं नसतं, म्हणून त्यातल्या रुंद फाट्यावर विश्वास टाकू नये. ओहोटी लागलेली असेल आणि गोंधळ झालाच, तर पाणी जिकडे चाललंय तिकडे जावं. ते तोंडाकडेच जातं.

परतल्यावर होडी आणि वल्ही गोड्या पाण्याने धुवायची. दुसऱ्या पाण्यात न्यायच्या आधी तळाचा चिखल, गवताचे तुकडे, चिकटलेल्या शिंपल्या काढून होडी पूर्ण वाळवायची, म्हणजे एका जागचे जीव दुसरीकडे जात नाहीत. दुर्बिणीच्या काचा लगेच पुसू नयेत. त्यावर वाळलेलं मीठ असतं आणि कोरड्या फडक्याने त्याचे कण लेपावर चरे पाडतात. दुर्बीण पाणी न शिरणारी असेल तर नळाच्या मंद धारेखाली धरावी, नसेल तर ओल्या फडक्याने मीठ आधी विरघळू द्यावं, मग पुसावं.